शेवटची सेवा कोणाच्या हातची? सोलापुरातील आणि इतरत्रच्या अंत्यविधींविषयी

भीमाकाठ (धागाकर्ता)

मृताला निरोप देण्याच्या रीती अनेक असतात, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. बाळीवेशीतल्या लिंगायत घरातून मांडी घालून बसवलेला देह फुलांच्या विमानातून निघतो, विजापूर वेशीकडे जनाजा या खांद्यावरून त्या खांद्यावर जात राहतो, पूर्व भागात एखाद्या पद्मशाली आजोबांच्या अंत्ययात्रेत डफ वाजत असतो आणि पुढच्याच पेठेत तिरडीपुढे विस्तवाचे मडके धरून चालणारा मुलगा दिसतो. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची योगसमाधी तळ्यातल्या मंदिराच्या आवारातच आहे, त्यामुळे संक्रांतीच्या गड्ड्याला येणारा माणूस जत्रेला येतो तसाच एका समाधीच्या दर्शनालाही येतो.

धागा काढण्याचे कारण असे की अलीकडे ज्या ज्या मातीला जाणे झाले, तिथे घरच्या माणसांना करण्यासारखे काम कमी होत चाललेले दिसले. बांबू, कडबा, सुतळी, मडके, पांढरे कापड असे सगळे सामान एकाच दुकानातून येते, तिरडी बांधणारा माणूसही तिथूनच येतो, शववाहिका दारात उभी राहते आणि सावडायला जावे तर राख कोणीतरी आधीच भरून ठेवलेली असते. मुले, सुना, भाचे भिंतीला टेकून उभे असतात आणि काय करावे हे त्यांना कळत नाही.

मृत्यूनंतर आत्म्याचे काय होते, यावर इथे वाद नको. आपापल्या समाजात घरच्या माणसांचे हात मृतासाठी नेमके कोणते काम करतात, एवढेच जाणून घ्यायचे आहे. माझ्या मते मृताचा मान राखला जातो तो या कामातून, आणि परलोकाविषयीची मते कितीही वेगळी असली तरी हे काम सगळीकडे सापडते.

आपल्या भीमेच्याच खोऱ्यातले उदाहरण देतो. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथली लहान मुले दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून, कुंभ आडवे ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली. ज्या जमिनीवर रोज चूल पेटत होती, दळणकांडण होत होते, तिच्याखाली आपले मूल ठेवायचे असे त्या आईबापांनी ठरवले होते. मोठी माणसे उत्तरेकडे डोके करून उताणी निजवलेली आहेत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आहेत. गेलेल्या माणसाने घर सोडून भटकू नये यासाठी असे केले असावे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. एक देह मात्र निराळा आहे. चार पाय असलेल्या, न भाजलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात एक प्रौढ पुरुष पाय दुमडून बसवलेला आहे आणि त्याची पावले शाबूत आहेत. तेवढा रांजण घडवायला, वाळवायला आणि पुरायला किती जणांचे हात लागले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दूरचे उदाहरण जपानचे आहे. तिथे जवळजवळ सर्वांचे दहन होते, तेही अत्याधुनिक दाहिनीत. तरीही दहनानंतर घरच्यांना पुन्हा बोलावले जाते. दोघे दोघे मिळून लांब काड्यांनी एकेक अस्थी उचलून कलशात ठेवतात आणि मृत व्यक्ती कलशात उलटी राहू नये म्हणून पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे जातात. मानेच्या वरच्या मणक्याचा आकार त्यांना ध्यानस्थ बुद्धासारखा वाटतो, म्हणून तो विशेष जपून उचलतात. अस्थी अशा एकत्र उचलल्या जात असल्याने जेवताना काडीतून काडीत घास देणे तिथे अशुभ मानतात. यंत्र आले तरी हातांचे काम त्यांनी सोडले नाही. आपल्याकडचे सावडणे याच जातीचे आहे, आणि ते आपण सोडत चाललो आहोत.

आपल्या घरची, आपल्या समाजाची रीत जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

थोरली अक्का

आमच्याकडे, लिंगायतांत, माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे वारला, की रडण्याच्या आधी घाई असते ती त्याला बसवण्याची. काही तासांतच शरीर ताठरू लागते, म्हणून जाणती माणसे लगेच पाय दुमडून मांडी घालतात, पाठ भिंतीला टेकवतात आणि मान पडू नये म्हणून हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन ती मागे खुंटीला बांधतात. या पट्टीला सरावाचा हात लागतो, कारण ती घट्ट झाली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि सैल राहिली तर मान एका बाजूला कलते. माझे आजेसासरे गेले तेव्हा चुलत सासऱ्यांनी ती पट्टी पुन्हा पुन्हा सोडून बांधली. अप्पा जन्मभर ताठ बसले होते, दर्शनाला येणाऱ्यांना ते तसेच दिसले पाहिजेत, असे ते म्हणत होते. मी नवीन सून होते आणि माझ्याकडे समई आणि विभूतीचे ताट सांभाळण्याचे काम होते.

स्नान झाले की कपाळाला आणि दंडांना विभूतीचे पट्टे ओढतात, गळ्यात रुद्राक्ष घालतात आणि रोजच्या पूजेत असते तसे इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. जन्मानंतर ज्याची दीक्षा मिळाली आणि आयुष्यभर जे अंगावर वागवले, ते लिंग देहाबरोबरच मातीत जाते. रुद्रभूमीतल्या, म्हणजे आमच्या दफनभूमीतल्या, खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरलेला असतो. देह त्यात बसवून भोवती विभूती, बेलाची पाने आणि मीठ भरतात. जंगम स्वामी क्रिया सांगतात, पण खड्ड्यात उतरून देहाला आधार देणारे घरचेच असतात. उभ्याने वरून सोडता येईल असा तो विधी नाही; बसवायचे म्हणजे मिठीत धरून बसवावे लागते.

बसवण्णा आणि शरणांनी, म्हणजे त्यांच्या परंपरेतल्या शिवभक्त संतांनी, जन्माचे आणि मरणाचे सुतक नाकारले होते, म्हणून मूळ शिकवणीत पिंड नाही आणि कावळ्याची वाट पाहणेही नाही. प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या रीती आमच्यात मिसळल्या आहेत आणि कित्येक घरांत सगळेच केले जाते. मला त्यात वावगे वाटत नाही, पण बसवण्याची ती पहिली घटका दुसऱ्या कोणावर सोपवू नये असे मनापासून वाटते. हे काम येणारी माणसे आता आमच्या गल्लीत मोजकीच उरली आहेत आणि ती सगळी सत्तरीपुढची आहेत.

विजापूर वेस

अक्का, तुमचे वाचून अम्मीचे गुसल आठवले. आमच्याकडे पुरुषाला पुरुष आणि बाईला बाया आंघोळ घालतात, आणि मुलींनी आईला घालावी हे उत्तम मानतात. पाण्यात बोरीचा पाला उकळतात, शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. अंगावर चादर असते आणि चादरीखालूनच हात फिरवायचा असतो, कारण मेलेल्या माणसाचीही लाज राखायची असते. उजवी बाजू आधी, मग डावी, आणि पाणी विषम संख्येने घालायचे. गुसल घालणाऱ्या बाईने शरीरावर एखादी खूण, जखम किंवा व्यंग पाहिले तर ते बाहेर कोणापुढेही बोलायचे नाही, असा सक्त दंडक आहे. या शेवटच्या नियमाइतका मृताचा मान राखणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

कफन पुरुषाला तीन कापडांचे आणि बाईला पाच कापडांचे असते, पांढरे आणि शिवण नसलेले, मग घर कारखानदाराचे असो की विडी वळणाऱ्या बाईचे. जनाज्याची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात झुकणे किंवा माथा टेकणे नसते. ही नमाज साऱ्या वस्तीवरचे कर्तव्य आहे. काही जणांनी अदा केली तर सगळे मोकळे होतात, कोणीच केली नाही तर दोष सगळ्यांना लागतो. म्हणूनच ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या जनाज्यालाही रस्त्यावरचे लोक काही पावले खांदा देतात.

सोलापूरची जमीन वर काळी आणि खाली मुरमाची असल्याने कबर खोदणे कष्टाचे असते. देह उजव्या कुशीवर, डोके उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला म्हणजे मक्केच्या दिशेला, असा ठेवतात. त्यावर फळ्या किंवा फरश्या आडव्या लावतात, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही. मग प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. आम्ही बाया सहसा दफनाला जात नाही, त्यामुळे आमच्यासाठी निरोप म्हणजे ते गुसलच असते. शब-ए-बारातला भाऊ कबरस्तानात जाऊन येतो आणि घरी आल्यावर कबरीची माती खचली आहे का, कडेला काय उगवले आहे, हे सगळे आम्हा बहिणींना सांगतो.

मग्गम

आम्ही पद्मशाली, पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मागावर काम करायला आलेलो. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पिट्टकु पेट्टुट असते, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ करून पक्ष्यांपुढे ठेवतात. लेकी आणि सुना ठरवतात काय करायचे ते, आणि त्या वेळी घरात होणारे बोलणे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. माझ्या वडिलांना शेंगाचटणी आवडायची की अंबाड्याची, यावर आत्या आणि आई यांच्यात बराच वेळ चर्चा चालली. ती चर्चा म्हणजे वडिलांवरचे पहिले मोकळे बोलणे होते. तोपर्यंत सगळे नुसते गप्प बसले होते.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही पेत्रमास म्हणतो. त्या दिवशी पितरांच्या नावाने तांदूळ, डाळ, भाजी असा शिधा देतात, आणि त्याच संध्याकाळपासून बतुकम्मा सुरू होते. पूर्व भागातल्या बाया फुलांचे थर रचून, टाळ्या वाजवत, फेर धरून गातात. सकाळी पितरांचा शिधा आणि संध्याकाळी फुलांचा सण, हे एकाच दिवशी येते. ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलेले असते त्या बायांना शेजारणी आवर्जून हाताला धरून बाहेर आणतात.

प्रवासी पाखरू

बतुकम्मेच्या थरांत झेंडू असतो, आणि आपल्याकडे तिरडीवरही झेंडूचेच हार असतात. हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे आहे आणि पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आले. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात, तेव्हा कबरीपासून घरापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे रंगाच्या आणि वासाच्या मागाने गेलेली माणसे घर शोधत येतील. घरात मांडणी करून त्यांचे आवडते खाणेपिणे ठेवतात आणि रात्र कबरीशेजारी जागवतात. २ नोव्हेंबरलाच आपल्याकडचे कॅथलिक लोकही कबरी धुऊन, गवत काढून मेणबत्त्या लावतात. मग्गम, तुमच्या आत्यांची चर्चा तिकडच्या कोणत्याही घरात शोभून दिसेल.

प्रेरणा

सगळे मनापासून लिहीत आहेत आणि मी आदराने वाचते आहे, पण मूळ लेखात एक बाजू आलेली नाही. भीमाकाठ, मृताचा मान हातांच्या कामातून राखला जातो असे आपण म्हणता. ते काम कोणाचे हात करत होते, हे विचारल्याशिवाय या विषयाला पूर्णता येत नाही.

गावगाड्यात मरणाशी संबंधित कष्टाचे काम महारांवर लादलेले होते. दुसऱ्याच्या घरी मयत झाली की भर उन्हात परगावी सांगावा घेऊन जायचे, सरणाची लाकडे फोडून वाहून न्यायची, मेलेली गुरे ओढायची. हे सगळे वतन म्हणून, म्हणजे नाही म्हणण्याची सोय नसलेले काम म्हणून. ज्याच्या मयतीची लाकडे आम्ही वाहिली त्याच्या स्मशानात आमच्या माणसाला जागा नव्हती. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध इतकी वर्षे लढा दिला त्यामागे हेही होते. आणि ते वतन कायद्याने रद्द झाले १९५८ साली, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. आजही कित्येक गावांत स्मशाने जातवार वेगळी आहेत, आणि ज्या वस्तीला शेड नाही, तिथे पावसाळ्यात सरणावर पत्रे धरून उभे राहावे लागते.

आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. अस्थी वेचायला नामदेव गेले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली, अशी कथा आहे. त्या अस्थींवर पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेव पायरीकडे जाणारा प्रत्येक वारकरी तिथे वाकतो. जिवंतपणी ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता, त्याला मरणानंतर दारासमोर जागा मिळाली, आणि दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मला या कथेत सगळ्यात मोठे वाटतात ते नामदेवांचे हात. मजुरांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी हाडे वेचली, आणि कोणाच्या हाडांना हात लावायचा याचा विटाळ मानला नाही.

आमच्याकडे आता बौद्ध पद्धतीने त्रिशरण-पंचशील होते, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. पिंड नाही, मडके फोडणे नाही. आमच्या वस्तीत बायाही स्मशानात येतात आणि खांदाही देतात. बाबासाहेबांचा अंत्यसंस्कार ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला जिथे झाला ती चैत्यभूमी सर्वांना माहीत आहे. सोलापुरातही मिलिंदनगरच्या प्रेरणाभूमीत त्यांच्या अस्थी आहेत आणि १४ एप्रिलला शहर आधी तिथे जाते. कोणाच्या अस्थींपुढे कोण नतमस्तक होतो, हे बदलणे हासुद्धा अंत्यविधीचाच भाग आहे, असे मी मानते.

भीमाकाठ

प्रेरणाताई, आपण मांडलेली बाजू या धाग्यासाठी अत्यावश्यक होती. लादलेले काम आणि आपणहून केलेली सेवा यांतला फरक हाच या विषयाचा कणा आहे, असे आता म्हणावेसे वाटते. त्यात आणखी एक जोडतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी अडवणूक केली, आणि सावित्रीबाई स्वतः ते हाती घेऊन चालल्या. ज्यांच्या हातून काम हिसकावून घेतले होते, त्यांनी ते परत घेण्याचे यापेक्षा ठळक उदाहरण महाराष्ट्रात नसेल.

बार्शी ते पुणे

हातांच्या कामाबद्दल सहमत आहे, पण खर्चाबद्दल कोणीच लिहिलेले नाही. आमच्याकडे दहाव्याला कीर्तन किंवा प्रवचन, तेराव्याला गोडजेवण, वर्षश्राद्धाला पुन्हा पंगत आणि चौकात फलक. कर्ज काढून दिवस घालू नका, असे गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले, तरी विहिरीसाठी ठेवलेले पैसे तेराव्यात गेलेली घरे मी पाहिली आहेत.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांत तर अंत्यविधीचा खर्च जमेपर्यंत देह महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घरातच ठेवतात. तोवर त्या माणसाला मेलेला म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. त्याच्याशी बोलतात, जेवण नेऊन ठेवतात. मग रेडे कापून मोठा सोहळा होतो आणि किती रेडे दिले यावर घराण्याची पत ठरते. घरात ठेवून त्याच्याशी बोलत राहणे मला समजते, आणि त्यात मोठे प्रेम आहे. रेड्यांचा हिशेब ठेवणे मला समजत नाही. आपल्या तेराव्यालाही हाच न्याय लावला पाहिजे.

थोरली अक्का

पंगतीबद्दल खरे आहे. पण मयतीच्या घरी पहिले दिवस चूल पेटत नाही तेव्हा शेजारच्या घरांतून येणारी पिठले-भाकरी कोणी बंद करू नये. तिला खर्च नसतो, आणि दोन घास खा म्हणून समोर बसून राहणारे माणूस त्या दिवसांत फार लागते.

दीपमाळ

मी २०२० विषयी लिहितो. माझे काका त्या उन्हाळ्यात एका रुग्णालयात गेले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी काढलेल्या सूचनांमध्ये चेहरा पाहण्यासाठी पिशवीची चेन उघडण्याची, स्पर्श न करता मंत्र किंवा पाठ म्हणण्याची आणि तीर्थ शिंपडण्याची मुभा होती; आंघोळ घालणे आणि मिठी मारणे मात्र मना होते. राखेपासून धोका नाही, त्यामुळे अस्थी गोळा करता येतील, असेही त्यात होते. आम्हाला हे कोणी सांगितले नाही. रुग्णालयाने दुरूनच वाहन दाखवले आणि अंगभर प्लास्टिकचे कपडे घातलेल्या चार अनोळखी माणसांनी काकांना अग्नी दिला. ती माणसे कोण होती, कोणत्या धर्माची होती, हे आम्हाला कधीच कळले नाही, आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. तरीही काकू आजतागायत म्हणतात की मी त्यांच्या तोंडात पाणी घातले नाही.

एखादा विधी करणे अशक्य झाले की समाजाचे काय होते, हे पारशी लोकांनी आपल्या आधी अनुभवले. मुंबईच्या डुंगरवाडीत देह दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, ठेवून गिधाडांच्या स्वाधीन करायचा, कारण अग्नी, पाणी आणि माती ही तिन्ही तत्त्वे त्यांना शुद्ध ठेवायची असतात. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, आणि २०१५ मध्ये वरळीला दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. समाजात त्यावरून मोठे मतभेद झाले, आजही आहेत. मला त्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट की विधीचे एक अंग तुटल्यावरही प्रार्थना, आंघोळ आणि जोडीजोडीने पांढऱ्या रुमालाची टोके धरून देहामागे चालणे, हे त्यांनी टिकवून ठेवले.

आम्ही काकूंसाठी काय करावे, हे मला अजून कळलेले नाही.

विजापूर वेस

दीपमाळ, काकूंना त्यांच्या हातून काहीतरी करू द्या. आमच्या मोहल्ल्यात त्या वर्षी ज्यांना गुसल देता आले नाही त्यांच्या मुलींनी पुढे काही ठिकाणी वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी पाजणे याहून मोठे पुण्य नाही. काकांच्या नावाने दारात पाणपोई लावा. रांजण काकूंनी स्वतः भरावा, गड्याकरवी नव्हे.

दीपमाळ

विजापूर वेसताई, हे सुचले नव्हते. येत्या चैत्रात नक्की करतो. काकूंना आजच विचारतो.

कस्तुरी

बराच काळ हा धागा वाचते आहे आणि आता प्रश्न विचारायचे धाडस करते. माझ्या सासूबाईंनी देहदानाचा आणि नेत्रदानाचा अर्ज भरला आहे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि निर्णयावर ठाम आहेत. माझ्या नणंदांना मात्र वाटते की देह रुग्णवाहिकेत चढवून दिला की आपल्या हाताने करण्यासारखे काहीच उरणार नाही. ना अग्नी, ना सावडणे, ना अस्थी. दोन्ही बाजू मला पटतात. अशा वेळी घरच्यांनी काय करायचे असते?

शरीररचना

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो, म्हणून उत्तर देतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक देह हा विद्यार्थ्यांचा पहिला शिक्षक असतो. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आता देहासमोर उभे राहून आदराची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. विजापूर वेसताईंनी गुसलचा जो दंडक सांगितला, तो आमच्या शपथेतल्या गोपनीयतेशी किती जुळतो, हे वाचून मी थांबलो. थायलंडमध्ये दान केलेल्या देहाला थोर गुरू म्हणतात, वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थी त्यांना वंदन करतात आणि अभ्यास संपल्यावर कुटुंबीयांसह त्यांचे विधिवत दहन करतात. आपल्याकडेही असे नियमाने सुरू व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कस्तुरीताई, तुमच्या नणंदांना करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सगळे घरीच करायचे आहे. आंघोळ घालणे, नवे लुगडे नेसवणे, कुंकू किंवा बुक्का लावणे, आरती, भजन, प्रार्थना, यांतले काहीही देहदानाच्या आड येत नाही. फक्त वेळ हाताशी ठेवावा लागतो. अर्ज भरलेला असला तरी अखेरची संमती वारसांचीच लागते, म्हणून नणंदांशी हे आताच, सासूबाईंसमोर बोलून घ्या. मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर कोण असतील, हे ठरवून ठेवा. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह किंवा काही विशिष्ट संसर्ग असल्यास महाविद्यालय देह स्वीकारू शकत नाही, तेव्हा त्या परिस्थितीत काय करायचे तेही ठरवा.

नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या हलक्या हाताने मिटवायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करायचे आणि पंखा बंद ठेवायचा. कापूस वाळू लागला की पुन्हा ओला करायचा.

कस्तुरी

आभारी आहे. सासूबाईंना आणि दोन्ही नणंदांना आपले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. कापसाचे काम धाकट्या नणंदेने मागून घेतले आहे. सासूबाई म्हणाल्या की लुगडे नवे नको, शाळेत शेवटच्या दिवशी नेसलेले ते इरकल आहे ना, तेच नेसवा. ते कोणत्या पेटीत आहे हेही त्यांनी सांगून ठेवले.